दगडाखालचं नाव

टोरांटोच्या बागांमध्ये इनुइटांची दगडी शिल्पं यायला हवीत, असं मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगतोय. "आहे की! तळ्याकाठी तो मोठा इनुक्शुक नाही का?" असं उत्तर येतं. आहे. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

आई जुलैत साताऱ्याहून आली होती. एका संध्याकाळी तिला लेकशोअरला फिरायला नेलं. ओंटारिओ तळ्याच्या काठाने मार्टिन गुडमन ट्रेल नावाची सायकलवाट जाते, तिच्या कडेलाच टोरांटो इनुक्शुक पार्क आहे. ग्रॅनाइटच्या शिळा एकावर एक चढवून केलेली नऊ मीटर उंच आकृती. दोन पाय, धड, दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले हात, वर डोकं. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"कुणी केलं हे?"

"इनुइट लोकांचं असतं आई. पार उत्तरेकडे राहतात ते, बर्फात."

"ते कळलं रे. हे कुणी केलं?"

मला सांगता आलं नाही. सतरा वर्षं मी त्या वाटेने येतोजातो. घरी येऊन शोधलं तेव्हा नाव कळलं: केलीपालिक किमिरपिक. बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाकडे केप डॉर्सेट नावाचं गाव आहे, आता त्याला किनगाइट हे मूळचं नाव परत मिळालंय, तिथले शिल्पकार. २००२ च्या जुलैत जागतिक युवा दिनासाठी पोप जॉन पॉल दुसरे टोरांटोत आले होते, त्या निमित्ताने हे काम उभं राहिलं. म्हणजे नाव नोंदलेलं आहे, शोधणाऱ्याला सापडतं. शहराच्या तोंडी मात्र ते नाही. शहराच्या तोंडी "इनुइटांचं" एवढंच आहे.

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट बघा. सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स चौकात हेन्री मूरचं 'द आर्चर' १९६६ पासून उभं आहे. नगरपालिकेने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा महापौर फिलिप गिव्हन्स यांनी वर्गणी जमवून ते आणलं. त्याच वर्षी ते निवडणूक हरले, आणि त्या हरण्यात या शिल्पाचा हात होता असं इथे अजून सांगतात. मूरचंच 'लार्ज टू फॉर्म्स' आर्ट गॅलरीच्या कोपऱ्यावर चार दशकांहून जास्त काळ होतं. २०१७ मध्ये ते गॅलरीच्या मागच्या ग्रेंज पार्कमध्ये हलवलं. तिथे पोरं त्याच्या पोकळीतून आरपार जातात, आत बसतात, घसरतात. जिथे जिथे माणसांचं अंग घासतं तिथे ब्राँझ उजळून सोन्यासारखं दिसतं. बागेतल्या कुणालाही विचारा, शिल्प कुणाचं? मूरचं. इंग्रजांचं, असं कुणी म्हणत नाही.

मला हेच म्हणायचंय. मूरला नाव, आणि किमिरपिकना जमात.

व्हँकुव्हरला जा. इंग्लिश बेच्या किनाऱ्यावर सुमारे सहा मीटर उंच, साडेएकतीस टनांचा ग्रॅनाइटचा इनुक्शुक आहे. रँकिन इनलेटच्या आल्विन कानाक यांनी तो एक्स्पो ८६ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या दालनासाठी केला, १९८७ मध्ये तो शहराला भेट मिळाला. ओटावाला गव्हर्नर जनरलच्या रिडो हॉलच्या आवारात १९९७ मध्ये कानांगिनाक पूतूगूक यांनी उभारलेला आहे. क्वेबेकच्या विधानभवनापाशी इनुकजुआकच्या जुसिपी नालुक्तुरुक यांनी केलेला. चार शहरं, चार कलाकार, आणि चौघांच्या हातून उभी राहिलेली वस्तू एकच. यातल्या कानांगिनाक यांची हयात पक्षी आणि प्राणी कोरण्यात, चितारण्यात गेली. माणसाची ख्याती ज्या कामासाठी, ते काम बागेत नाही. बागेत पुन्हा तोच हात पसरलेला दगडांचा माणूस.

हे सगळं करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मनापासून मानतो. पण एकाच आकृतीवर एका समाजाची सगळी कला आटोपती घेतली, हे चुकलंच.

आणि ती आकृती तरी नीट समजून घेतली का? इंग्रजीत इनुक्शुक म्हणतात, उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशात इनुक्सुक. इनुक म्हणजे माणूस, आणि इनुक्सुक म्हणजे माणसाच्या जागी उभं राहून काम करणारं. काम कसलं? झाड नाही, रस्ता नाही, क्षितिजापर्यंत एकसारखं माळरान. तिथे वाट दाखवायची. मासे कुठे मिळतील ते सांगायचं. मांस कुठल्या दगडांखाली साठवून ठेवलंय त्याची खूण करायची. कधी माळावर रांगेने उभं राहून कॅरिबू हरणांच्या कळपाला बिचकवायचं आणि दबा धरलेल्या शिकाऱ्यांकडे वळवायचं. एखादं इनुक्सुक म्हणजे नुसता उभा केलेला एक लांबट दगड असतो. एखाद्याला खिडकी असते. तिच्यातून बघितलं की पुढची खूण दिसते. बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्येला इनुक्सुगालाइट नावाची जागा आहे, तिथे शंभराहून जास्त इनुक्सुक आहेत. ती आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. शंभर खुणा म्हणजे शंभर वेगळी कामं, वेगळे आकार.

हात, पाय आणि डोकं असलेल्या आकृतीला इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेत शब्दच वेगळा आहे: इनुन्ग्वाक, माणसासारखं दिसणारं. नुनावुतचे माजी आयुक्त पीटा इर्निक यांनी हा फरक जाहीरपणे, पुन्हा पुन्हा सांगितला. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकसाठी इंग्लिश बेच्या त्या शिल्पावरून बोधचिन्ह बेतलं गेलं, त्याला नाव दिलं इलानाक, म्हणजे मित्र. इर्निक यांनी तेव्हाच हरकत घेतली की हे इनुक्सुक नव्हेच. बोधचिन्ह बदललं नाही. पाच रंगांतला तो हसरा मित्र टोप्यांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर, मगांवर छापून जगभर गेला. ज्यांची भाषा, त्यांच्यातला जाणता माणूस शब्दाचा अर्थ सांगतोय आणि ऑलिंपिकची समिती ऐकत नाही. याला आदर म्हणत नाहीत.

या एकाच आकृतीच्या गाजावाजाचा एक परिणाम रानात गेलात की दिसतो. ओंटारिओच्या जंगलवाटांवर, महामार्गांच्या कडेच्या खडकांवर हौशी लोक दगडांची छोटी माणसं रचून ठेवतात. किलार्नीच्या उद्यानाने लोकांना विनवलं की हे करू नका, कारण तिथे दगडांची रास ही पायवाटेची खूण असते. भलतीकडे रास दिसली की माणूस वाट चुकतो. ज्या वस्तूचं काम वाट दाखवणं, तिच्या नकलेने माणसं चुकायला लागली.

आता खऱ्या शिल्पांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

इनुइट शिल्पकारांचा ठरलेला दगड म्हणजे आपल्या मराठीतला शंखजिरा आणि त्याच्या जवळचा, त्याहून कठीण असा हिरवा-काळा सर्पेंटाइन. शंखजिरा आपण रोज वापरतो: चेहऱ्याला लावायची पावडर त्याचीच, वेल्डर लोखंडावर खूण करतो ती पांढरी पट्टी त्याचीच. बेलूर-हळेबीडला गेला असाल तर त्या देवळांवरचे दगडी दागिने बघितले असतील. तो दगडही याच घराण्यातला, म्हणून तर दागिन्यांतलं इतकं बारीक काम कोरता आलं. इनुक्तितुतमध्ये या मऊ दगडाला उक्कुसिक्साक म्हणतात. उक्कुसिक म्हणजे शिजवायचं भांडं, आणि उक्कुसिक्साक म्हणजे ज्याचं भांडं होईल तो दगड. आधी स्वयंपाकघर, मग कला. चरबीवर जळणारा कुलिक नावाचा दिवा याच दगडाचा. त्यानेच घर उजळायचं, त्यावरच अन्न शिजायचं, त्यावरच ओले कपडे वाळायचे. हा दगड ऊब धरून ठेवतो.

या दगडातली शिल्पं बाहेरच्या जगात पोचली ती १९४८ नंतर. जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण चित्रकार त्या वर्षी हडसन उपसागराच्या काठच्या इनुकजुआकला गेला, तिथल्या लोकांनी कोरलेल्या छोट्या वस्तू घेऊन परतला. १९४९ च्या नोव्हेंबरात मॉन्ट्रियलला कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने प्रदर्शन-विक्री केली. तीन दिवसांत सगळं संपलं. पुढे केप डॉर्सेटला १९५९ मध्ये सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. सहकार म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. माझेही टवकारले होते: शिल्पकार स्वतःच सभासद, संस्था त्यांच्याकडून रोख पैसे देऊन काम विकत घेते आणि दक्षिणेत नेऊन विकते. बाजाराने त्या शिल्पांना वळण लावलं, हे खरंच आहे. अस्वल खपतं म्हणून अस्वलं वाढली. पण त्याच गावातून ओसुइटोक इपीली यांचे एका पायावर तोललेले प्राणी आले, पाउटा साइला यांची नाचणारी अस्वलं आली, ओविलू तुन्निली या बाईंची शिल्पं आली, ज्यांत उंच टाचांच्या चपला घातलेल्या बायकाही आहेत. हे वैविध्य कुठल्या बागेत आहे?

माझ्या घरी एक शिल्प आहे. बारा वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं, तेव्हाच्या मानाने महाग वाटलं तरी घेतलं. वीतभर उंच. अमाउटी घातलेली बाई, म्हणजे पाठीशी मूल ठेवायला पिशवी असलेला अंगरखा. मोठ्या टोपीतून मुलाचं डोकं बाईच्या खांद्यावरून डोकावतंय. हिरवट काळा दगड, पुढून आरशासारखा घासलेला. पाठीमागे, बाईच्या कमरेपाशी, कानशीचे ओरखडे तसेच सोडलेत. आधी मला वाटायचं की काम राहून गेलं. नंतर कळलं की तिथे बोट ठेवलं की अंगरख्याच्या कातड्याचा खरखरीतपणा हाताला लागतो. मुद्दाम सोडलंय ते.

तळ्याकाठून आल्यावर आईच्या हातात ते दिलं. "केवढं जड आहे!" म्हणाली आणि मांडीवर घेऊन बसली. टीव्ही चालू होता, तिचा अंगठा त्या मुलाच्या डोक्यावरून फिरत होता. अर्ध्या तासाने मी शिल्प परत उचललं तर दगड कोमट झालेला.

मग तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला: "हे कुणी केलं?" मी शिल्प उलटं केलं. खाली इनुक्तितुतच्या लिपीत खिळ्याने कोरलेली चार चिन्हं आहेत, त्यातली तीन झिजून गेलीत. त्यांच्याखाली 'ई७' आणि पुढे दोन आकडे वाचता येतात, बाकीचे नाहीत. हे आकडे म्हणजे काय, ते सांगितलंच पाहिजे. १९४१ पासून कॅनडाच्या सरकारने इनुइटांना क्रमांक दिले. त्यांच्यात आडनावं नसत, नावं सरकारी कारकुनांना लिहिता येईनात, म्हणून प्रत्येकाला दाबलेल्या तंतूंची एक छोटी चकती, गळ्यात घालायला. पूर्वेकडच्यांना ई, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू. केप डॉर्सेटच्या भागात ई७. ज्यांचं चित्र कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं त्या केनोजुआक आशेवाक सरकारदरबारी ई७-१०३५ होत्या. १९६८ नंतर एब ओक्पिक हे इनुइट गृहस्थ गावोगाव, वाडीवाडीवर फिरले, प्रत्येक घराला विचारून आडनावं नोंदवली, तेव्हा कुठे आकडे हटायला लागले. तोवर शिल्पकार दगडाखाली बऱ्याचदा आकडाही कोरत असत.

तर माझ्या घरातली बाई कुणी घडवली हे मला कळलेलं नाही. दोन ठिकाणी विचारून झालं. नाव झिजलं, आकडा अर्धा उरला.

म्हणून बागेतल्या शिल्पापाशी उभं राहून कुणी नुसतं "इनुइटांचं" म्हटलं की मला राग येतो. आधी माणसांची नावं काढून घेतली, आता त्यांच्या कामाला नाव लावायचा आळस.

पैशाचंही बोलू. केनोजुआक यांचं 'द एन्चांटेड आउल' हे दगडात कोरून छापलेलं चित्र १९६० मध्ये चोवीस डॉलरला विकलं गेलं. त्याच छाप्याच्या प्रती पुढे लिलावात लाखाहून जास्त डॉलरला गेल्या, आणि त्या फरकातला वाटा चित्रकर्तीला द्यावा असं कुठल्या कायद्याने सांगितलं नाही. फ्रान्समध्ये पुनर्विक्रीतला कलाकाराचा वाटा १९२० पासून आहे. आपल्या भारताच्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३अ आहे. कॅनडातले कलाकार वर्षानुवर्षं हे मागतायत. शहराने बागेत शिल्प बसवलं तर ते पुन्हा लिलावात जायचा प्रश्नच नाही. पूर्ण मोल एकदाच, थेट, घडवणाऱ्याच्या हातात. बागेसारखं स्वच्छ गिऱ्हाईक दुसरं नाही.

शिल्प बागेत आणा म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, दगड मऊ आहे, बाहेर टिकणार नाही. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचं निडारोस कॅथेड्रल शंखजिऱ्याच्या दगडात बांधलंय, शतकानुशतकं नॉर्वेचं बर्फ झेलतंय. हळेबीडचं देऊळ नऊशे वर्षं पावसात उभं आहे. शिवाय कुणी सांगितलं की मऊच दगड हवा? विनिपेगच्या आर्ट गॅलरीने २०२१ च्या मार्चमध्ये काउमाजुक हे इनुइट कलेचं केंद्र उघडलं. त्याच्या बाहेर, रस्त्यावरच्या कुणालाही बघता येईल असं गूता आशूना यांचं 'तुनिगुसिआ' उभं आहे. शब्दाचा अर्थ भेट. 'व्हर्दे ग्वातेमाला' या नावाने बाजारात मिळणाऱ्या हिरव्या संगमरवरात कोरलेलं, मॅनिटोबाच्या शिक्षक संघटनेने दिलेलं. त्याच आवारात अब्राहम आंगिक रुबेन यांचं अस्वल आहे. म्हणजे हवा झेलणारा दगड निवडता येतो, विषय कलाकाराचा ठेवता येतो आणि नाव ठळक लावता येतं. विनिपेगला जमलं, टोरांटोला जमेल.

विनिपेगच्या त्या इमारतीत काचेची तीन मजली कोठी आहे. तिच्यात पाच हजारांच्या आसपास शिल्पं मांडलीत, रस्त्यावरूनही दिसतात. मी डिसेंबरात गेलो होतो. बाहेर बर्फ, आत दिव्यांत अस्वलं, सील, शिकारी, आया, पक्षी. एक मुलगी काचेला नाक लावून उभी होती, तिच्या श्वासाने काचेवर धुकं धरत होतं, ती बाहीने पुसून पुन्हा नाक लावत होती. तळहात काचेवर टेकवून ठेवला होता, आतल्या एका सीलसमोर. ती कोठी मला फार आवडते, तिथल्या लोकांनी केलेलं काम मोठं आहे. पण तो टेकलेला हात माझ्या मनातून जात नाही.

कारण ही शिल्पं हातासाठी आहेत. इनुइट फिरत जगायचे. कुत्र्यांच्या गाडीवर मावेल तेवढंच सामान. कोरलेली वस्तू मुठीत मावणारी, कपड्यात ठेवायची, काढून एकमेकांना दाखवायची. वॉलरसच्या सुळ्यांतल्या जुन्या कामांना तर बूडच नसे, टेबलावर ठेवली की कलंडतात; त्यांना वरची-खालची बाजू ठरलेली नाही, हातात फिरवत बघायची. मोठी शिल्पं अलीकडची, दक्षिणेच्या मागणीतून आलेली. म्हणून नऊ मीटर उंचीची हौस मला पटत नाही. बागेत शिल्प आणायचं तर ते मांडीच्या, कमरेच्या, फार तर छातीच्या उंचीचं असू द्या. व्हीलचेअरवर बसलेल्या आजींचा हात पोचू दे. चार वर्षांच्या पोराला सीलच्या पाठीवर बसू दे. वीस वर्षांनी त्या सीलची पाठ ग्रेंज पार्कातल्या मूरसारखी उजळलेली असेल.

दुसरं उत्तर: उत्तरेकडून शिल्पकार आणायचे कसे? २०२१ च्या शिरगणतीत कॅनडात ७०,५४५ इनुइट होते. त्यातले दहामागे तीनजण त्यांच्या पारंपरिक भूमीबाहेर, बरेचसे दक्षिणेच्या शहरांतून राहतात. त्यांच्यातही शिल्पकार आहेत. आणि उत्तरेतून बोलवायचं ठरवलं तर मूरच्या वेळी ब्राँझ समुद्र ओलांडून आलंच की.

शिल्पकार तिकडे कसं काम करतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना या सबबी ऐकवत नाहीत. किनगाइटचे लोक उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत, भरती-ओहोटी सांभाळत, शंभर किलोमीटरहून लांबच्या खाणीपर्यंत बोटीने जातात, दगड फोडून आणतात. घरात धूळ नको म्हणून कोरायचं बाहेर, शून्याखाली तीस अंशांतसुद्धा. ग्राइंडरने मोठा भाग काढायचा, मग कानस, मग पाणी लावून पॉलिश पेपर. पांढऱ्या धुळीने पापण्या माखतात. ती धूळ फुप्फुसात बसते. काही दगडांत ॲस्बेस्टॉसही सापडतो. मास्क लावून, पाठ वाऱ्याकडे करून माणूस सहा-सहा तास दगडावर वाकलेला असतो. आणि आमच्या पर्यटन दुकानांत कारखान्यात ओतलेली अस्वलं त्याच शेल्फवर "उत्तरेची आठवण" म्हणून विकली जातात. खरं काम ओळखता यावं म्हणून १९५८ पासून इग्लूच्या चित्राची चिठ्ठी आहे. २०१७ पासून ती सरकारकडून इनुइट आर्ट फाउंडेशनकडे, म्हणजे ज्यांची कला त्यांच्या संस्थेकडे आली. विकत घ्याल तेव्हा ती चिठ्ठी मागा. दुकानदाराला विचारा, कुणी केलं?

आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला मी पत्र लिहिलंय. आईने वाचायला लावलं, दोन वाक्यं कापायला लावली. त्यात म्हटलंय की आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत, वाळूच्या खड्ड्याशेजारी, एक जागा मोकळी आहे. तिथे एका इनुइट शिल्पकाराला किंवा शिल्पकर्तीला एक पूर्ण उन्हाळा बोलवा. राहायची सोय, खाण्याचा खर्च आणि मानधन, मूरच्या तोलामोलाचं. विषय सांगू नका. अस्वल करा म्हणू नका, इनुक्सुक तर नकोच. टाचांच्या चपला कोराव्याशा वाटल्या तर त्या. ताडपत्री बांधा, धूळ बसवायला पाण्याचा नळ द्या, आणि मांडव उघडा ठेवा, म्हणजे शाळा सुटल्यावर पोरं दगडातून काय निघतंय ते रोज बघतील. बांधकाम खात्याने उंची ठरवू नये, कलाकाराने ठरवावी. हात पोचावा एवढीच आमची विनंती. आणि पाटी. पहिल्या ओळीत कलाकाराचं नाव, इनुक्तितुतच्या लिपीत, मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या ओळीत तेच इंग्रजीत. मग गाव, मग वर्ष. अक्षरं दगडात खोल कोरा, रंगवू नका.

पत्र सोमवारी टाकलं. उत्तर येईल ते याच जागी छापेन.